पिर्लोची सावली, बेडकाचा काढा आणि रुसलेला नातू

आंद्रेआ पिर्लो म्हणजे निवांतपणाचा अर्क. बाकीचे एकवीस जण जिवाच्या आकांताने पळत असताना हा इटालियन गृहस्थ मैदानाच्या मधोमध मान वर करून उभा राहायचा आणि चाळीस यार्डांवरच्या सहकाऱ्याच्या पायात बॉल अलगद आणून सोडायचा. त्याच्या आत्मचरित्रात एका खेळाडूचा विषय निघतो तेव्हा मात्र हा निवांतपणा पार सुटलेला दिसतो. तो खेळाडू म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा तेरा नंबर, दक्षिण कोरियाचा पार्क जी-सुंग. पिर्लोच्या मते हा गडी अणुशक्तीवर चालत होता.

प्रकरण १० मार्च २०१० चं. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी, युनायटेड विरुद्ध एसी मिलान. मिलानमधली पहिली मॅच युनायटेडने ३-२ अशी मारलेली, दुसरी ओल्ड ट्रॅफर्डवर. आपल्याकडे रात्रीचा सव्वा, कोरियात पहाटेचे पावणेपाच. मॅचआधी युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी पार्कला जे बजावलं त्याचा मतलब एवढाच, की बॉल, पास, गोल सगळं विसर. आज तुझं काम म्हणजे पिर्लो.

मग पार्क जो पिर्लोच्या मानगुटीवर बसला, तो उतरलाच नाही. पिर्लो बॉल मागायला खाली आला की हा खाली. तो डावीकडे सरकला की हा डावीकडे. बॉल पायात घेऊन वळावं, तर वळल्यावर पहिलं तोंड दिसायचं ते याचंच. मिलानच्या सगळ्या हल्ल्यांची नाडी पिर्लोच्या हातात असायची, आणि ती नाडीच कुणीतरी दाबून धरलेली. युनायटेडने ती मॅच ४-० अशी खिशात घातली. रूनीचे दोन, शेवटी शेवटी फ्लेचरचा एक, आणि ५९व्या मिनिटाला एक गोल चक्क पार्कचा. पहाऱ्यावर बसवलेला माणूस जाता जाता गोलही करून आला!

आता गंमत बघा. त्या रात्रीचा गाजलेला फोटो कुणाचा? तर डेव्हिड बेकहॅमचा. मिलानकडून खेळायला जुन्या घरी आलेल्या बेकहॅमने मॅच संपल्यावर हिरवी-सोनेरी मफलर गळ्यात अडकवली. ती होती युनायटेडच्या मालकांविरुद्धच्या निषेधाची खूण. झालं! बातम्या मफलरच्या झाल्या.

लग्नात अख्ख्या पंगतीला वाढत फिरणारा आणि अल्बममध्ये कुठेच न सापडणारा एक मामा असतो. युनायटेडमध्ये सात हंगाम तो मामा म्हणजे पार्क. जेवून उठलेल्यांना मात्र त्याची बरोबर आठवण असते. वेन रूनीने २०२० मध्ये आपल्या वृत्तपत्रातल्या सदरात लिहिलं, की आजच्या बारा वर्षांच्या पोराला रोनाल्डो विचारा, लगेच ओळखेल. पार्कचं नाव कदाचित ऐकलेलंही नसेल. पण आमच्या यशात पार्कचा वाटा जवळपास तेवढाच मोठा होता, हे त्याच्याबरोबर खेळलेला प्रत्येक जण जाणतो.

काढा घे बाळा, काढा

सुवॉन शहरात वाढलेला पार्क लहानपणी अंगाने एवढासा होता. फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या अंगावर मूठभर मांस कसं चढायचं, ही वडिलांची चिंता. कुणीतरी सुचवलं, बेडूक उकळून त्याचा काढा पाजा. वडिलांनी बेडूक आणले, उकळले, पाजले. पोराने निमूटपणे प्यायले. च्यवनप्राशची बाटली बघून नाक मुरडणाऱ्या पोरांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवावा.

शरीराची आणखी एक खोट होती, ती काढ्याने जाण्यासारखी नव्हती. पार्कचे तळवे सपाट. अशा पायांनी जास्त धावलं की पाय लवकर भरून येतात, दुखतात. आणि हा माणूस पुढे ओळखला गेला तो धावण्यासाठीच! मायदेशात त्याला ‘ऑक्सिजन टँक’ म्हणायचे, इंग्लंडमध्ये ‘तीन फुफ्फुसांचा पार्क’. त्याच्या उघड्या पायांचा एक फोटो कोरियात फार प्रसिद्ध आहे. ओरखडे, घट्टे, वाकडीतिकडी बोटं. बॅलेरिना कांग सू-जिनच्या पायांचा असाच एक फोटो तिकडे घरोघरी माहीत आहे, आणि मेहनतीवर व्याख्यान द्यायचं झालं की हे दोन्ही फोटो हमखास निघतात.

शाळकरी पार्क फुटबॉलची डायरी लिहायचा, त्यात डावपेचांच्या आकृत्या काढायचा. त्याचा आदर्श कोण? ब्राझीलचा डुंगा! ब्राझीलच्या संघातून निवडायला रोमारिओ आणि बेबेतो हजर असताना या पोराला आवडला तो मधल्या फळीत उभा राहून समोरच्यांचे हल्ले मोडणारा, कपाळावर कायम आठी असलेला कॅप्टन. पूत के पाँव पालने में म्हणतात ते असं.

करार संपला, मॅच बाकी

पहिली व्यावसायिक नोकरी मिळाली ती जपानमध्ये, क्योटो पर्पल सांगा या क्लबकडे. साल २०००. संघात सोबतीला जपानचा दंतकथा झालेला काझुयोशी मिउरा. संघाचं दैव मात्र असं, की त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत घसरण. पुढच्या वर्षी ती श्रेणी जिंकून क्योटो परत वर आला, आणि २००२ च्या अखेरीस थेट एम्परर्स कपच्या फायनलमध्ये पोचला.

जपानमध्ये ही फायनल १ जानेवारीला व्हायची. पार्कचा करार संपत होता ३१ डिसेंबरला. हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोव्हनशी बोलणी पक्की झालेली, गुडघे सांभाळायचे, बॅग भरायची, निघायचं. एवढं सगळं असताना पार्क १ जानेवारी २००३ ला क्योटोच्या जर्सीत मैदानात उतरला. समोर बलाढ्य काशिमा अँटलर्स, आणि ते आधीच एका गोलने पुढे. बरोबरीचा गोल पार्कने केला. क्योटो २-१ ने जिंकला. क्लबच्या इतिहासातला हा पहिला मोठा चषक, आणि तो मिळवून देण्यात हात अशा माणसाचा, ज्याचा करार आदल्या रात्री बाराला संपला होता. एचआरवाल्यांनी या प्रकाराला काय म्हटलं असतं कोण जाणे.

एक गोल, अख्ख्या टीमची सुट्टी

मधल्या काळात एक वर्ल्ड कपही होऊन गेला होता. १४ जून २००२, इंचॉन. समोर लुईस फिगोचा पोर्तुगाल, त्यांचे दोन खेळाडू रेड कार्ड खाऊन बाहेर. ७० वं मिनिट. डावीकडून लांबवर आलेला बॉल पार्कने छातीवर घेतला, खाली पडू न देता उजव्या पायाने समोरच्या डिफेंडरच्या डोक्यावरून काढला, आणि डाव्या पायाने गोलकीपर वितोर बायाच्या दोन पायांमधून सरळ जाळ्यात. बॉलला मधे जमीन लागू दिली नाही. मग तो धावत सुटला तो थेट कोच गुस हिडिंक यांच्या मिठीत. घामाचा माणूस म्हणून शिक्का बसलेल्याने हा गोल केलाय, हे विसरून पाहिला तर एखाद्या ब्राझिलियनचाच वाटेल.

या विजयाने दक्षिण कोरिया वर्ल्ड कपच्या बाद फेरीत पहिल्यांदा गेला. सरकार इतकं खूश झालं, की संघातल्या खेळाडूंना सक्तीची लष्करी सेवा माफ. तिकडे धडधाकट तरुणाला ही सेवा चुकत नाही, आणि खेळाडूचं ऐन उमेदीचं वय त्यात जातं. ती माफी मिळाली नसती तर हॉलंड, इंग्लंड वगैरे पुढचा प्रवास कितपत झाला असता, सांगता येत नाही.

पुढे २००६ मध्ये फ्रान्सविरुद्ध आणि २०१० मध्ये ग्रीसविरुद्ध गोल करून सलग तीन वर्ल्ड कपांत गोल करणारा पहिला आशियाई तोच ठरला.

घरच्या मैदानावर हुर्यो

हिडिंक वर्ल्ड कपनंतर पीएसव्हीला गेले आणि पार्कला बोलावून घेतलं. सोबत कोरियाचाच ली यंग-प्यो. ली बस्तान बसवून मोकळा झाला. पार्कचं काही जमेना. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फॉर्म गेला, आणि घरच्या मैदानावर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवायला सुरुवात केली. बॉल पायात आला की ‘बूऽऽ’. नुसता वॉर्मअपला उठला तरी ‘बूऽऽ’. हिडिंक यांनी यावर जो तोडगा काढला त्याला व्यवहारज्ञान म्हणतात: काही दिवस या पोराला घरच्या मैदानावर खेळवायचंच नाही, फक्त अवे मॅचेस. बाहेरगावचे प्रेक्षक तसेही सगळ्यांनाच शिव्या घालतात, त्याचं मनाला लागत नाही.

पोरगं सावरलं. एवढं, की २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पीएसव्हीने एसी मिलानला घाम फोडला. मिलानच्या बचावात काफू, नेस्टा, स्टाम, मालदिनी. या चौघांची नावं वाचूनच पोटात गोळा यावा. नवव्या मिनिटाला पार्कने त्यांना भेदलं. पीएसव्ही ३-१ जिंकला, आणि तरी बाहेर गेला, कारण पहिली मॅच मिलानने २-० जिंकली होती आणि तेव्हा अवे गोलचा नियम होता: एकूण गोल सारखे झाले, तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे.

हुर्यो उडवणाऱ्या त्याच प्रेक्षकांनी पार्कसाठी गाणं रचलं. डच तोंडून त्याच्या नावाचा जो उच्चार व्हायचा तो कोरियन कानांना ‘वीसोंगपारे’ असा ऐकू आला, आणि कोरियात ते टोपणनावच होऊन बसलं.

दुसरं गाणं मात्र त्याच्या घशात अडकलं. मँचेस्टरच्या चाहत्यांनी प्रेमाने रचलेल्या त्या गाण्यात कोरियन माणसं कुत्री खातात अशी टिंगल होती. चाहत्यांच्या मते कौतुक, ऐकणाऱ्याच्या देशाची खिल्ली. ऑगस्ट २०२१ मध्ये वुल्व्ह्‌स क्लबने ह्वांग ही-चान या कोरियन खेळाडूला मैदानावर आणून दाखवलं, तेव्हा पाहुण्या युनायटेड चाहत्यांनी नेमकं तेच गाणं आळवलं. आयुष्यात फारसा आवाज न चढवलेला पार्क त्यानंतर बोलला. क्लबच्या पॉडकास्टवर त्याने सांगितलं, की आपल्या नावाचं गाणं आहे याचाच तेव्हा अभिमान वाटायचा, म्हणून टोचलं तरी सोसलं. आता मागून आलेल्या पोरांना तेच ऐकावं लागतंय, तर कृपा करून थांबवा. उशिरा बोलला असं म्हणणारे आहेत. परक्या देशात, पहिल्या मोठ्या नोकरीत, विशी-पंचविशीचा पोरगा पंचाहत्तर हजार लोकांना काय सुनावणार होता?

चाळीस लाखांचा सौदा

फर्ग्युसन यांनी २००५ मध्ये त्याला सुमारे ४० लाख पौंडांत घेतलं. ‘आशियात जर्सी विकायला आणलाय’ ही कुजबूज लगेच सुरू झाली. हिशेब असा लागला: सात हंगाम, २०५ सामने, २७ गोल, चार प्रीमियर लीग विजेतेपदं, एक चॅम्पियन्स लीग. जर्सी विकल्या गेल्या असतील तर त्या वर.

सत्तावीस हा आकडा बारीक वाटतो खरा. पण ते गोल कुणाविरुद्ध झाले ते पाहा. मार्च २०१० मध्ये लिव्हरपूलविरुद्ध, डिफेंडरच्या बुटाची पर्वा न करता झेपावून डोक्याने केलेला विजयी गोल. एप्रिल २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला चेल्सीच्या द्रोग्बाने बरोबरी साधली, चेल्सीचे लोक अजून नाचताहेत तोवर मिनिटभरात पार्कचं उत्तर. आणि आर्सेनल! २००९ ची सेमीफायनल, जानेवारी २०१०, डिसेंबर २०१०, ऑगस्ट २०११ चा तो कुप्रसिद्ध ८-२. दर वेळी गोल करणाऱ्यांत पार्कचं नाव. आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांना तेरा आकडा अशुभ वाटू लागला असेल तर नवल नाही.

त्या २००९ च्या सेमीफायनलमधला एक गोल यूट्यूबवर शोधून पाहावा. युनायटेडने आपल्या बॉक्सबाहेर बॉल हिसकावला आणि काही सेकंदांत तो पलीकडच्या जाळ्यात होता. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो शेवटचा टोला, रोनाल्डोचा. तुम्ही मधला धागा बघा. रोनाल्डोची टाच, पार्क, रूनी, पुन्हा रोनाल्डो. पार्ककडे बॉल आला तेव्हा त्याने तो ठेवून घेतला नाही, दोन डिफेंडर चकवायचा मोह धरला नाही, धावता धावता रूनीच्या पुढ्यात सारला. त्याचा सगळा खेळ त्या एका पासमध्ये बघून घ्या.

मॉस्कोत सूट घालून

ही गोष्ट चटपटीत नाही, तरी सांगायलाच हवी. २००८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये क्वार्टर फायनलला रोमा, सेमीफायनलला बार्सिलोना, या डोंगरांवर युनायटेड चढलं त्यात पार्कचे पाय राबले. २१ मेला मॉस्कोत फायनल, समोर चेल्सी. अख्खा कोरिया रात्र जागवायला बसलेला. यादी आली. पहिल्या अकरांत पार्क नाही. बेंचवरच्या सातांतही नाही. त्याने ती फायनल सूट घालून पाहिली. युनायटेडने पेनल्टीवर ६-५ अशी जिंकली.

उजव्या बाजूला त्याच्या जागी ओवेन हार्ग्रीव्ह्‌स खेळला, बरा खेळला, पेनल्टीही मारली. त्यामुळे अकरांतून वगळण्याबद्दल फर्ग्युसन यांच्याशी भांडता येत नाही. पण बेंचवरही नाही? कारकिर्दीतल्या सगळ्यात जड निर्णयांपैकी हा एक, असं ते पुढे म्हणत राहिले. ते म्हणाले म्हणून पार्कचा सूट काही जर्सी झाला नाही.

पुढच्या वर्षी रोमच्या फायनलला तो पहिल्या अकरांत होता. चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेला पहिला आशियाई. बार्सिलोनाकडून ०-२ हार. २०११, वेम्ब्ली, पुन्हा पहिल्या अकरांत, पुन्हा बार्सिलोना, १-३. जिंकलेल्या फायनलला सूट, हरलेल्या दोन्ही फायनलना घाम. असलं नशीब कुणाच्या वाट्याला न येवो. वेम्ब्लीवर मेस्सीने जो धुमाकूळ घातला त्यावर बोलताना फर्ग्युसन यांनी नंतर कबूल केलं, की हाफटाइमला पार्कला मेस्सीच्या मागे लावायला हवं होतं. पिर्लोने ऐकलं असेल तर मान डोलावली असेल.

आपली आणि त्याची गाठ

भारतीय फुटबॉललाही पार्कचा संघ एकदा भेटलाय. १९८४ नंतर प्रथमच भारत एशियन कपला पात्र ठरला होता आणि १८ जानेवारी २०११ ला दोह्यात गाठ पडली दक्षिण कोरियाशी, कॅप्टन पार्क जी-सुंग. आपल्या संघात गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि महेश गवळी. लॉरेन्स स्वतः मधल्या फळीत राबणारा गडी, त्याच्या नावावर कुणी पोस्टर छापले नाहीत. निकाल ४-१, आपला एक गोल सुनील छेत्रीचा, पेनल्टीवर. त्या चारांतला एक गोल अठरा वर्षांच्या एका पोराचा, त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतला पहिला. त्याचं नाव सॉन ह्युंग-मिन.

याच स्पर्धेत जपानविरुद्धची सेमीफायनल ही पार्कची देशासाठी शंभरावी मॅच होती. पेनल्टीवर हरले. आठवड्याच्या आत त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला. वय अवघं २९, गुडघे मात्र बरेच म्हातारे.

आजोबा, कट्टी!

२०१२ मध्ये युनायटेडने त्याला क्वीन्स पार्क रेंजर्सला विकलं. तिथलं वर्ष लवकर विसरलेलं बरं. कॅप्टन झाला, कॅप्टनपद गेलं, संघ खालच्या श्रेणीत घसरला. या सगळ्यात एक पत्र आलं, फर्ग्युसन यांचं. पार्कने पुढे सांगितलं, त्यात आजोबांची तक्रार होती: नातवाचा लाडका खेळाडू तू, तुला विकला म्हणून नातू अजून माझ्याशी बोलत नाही. ज्या माणसाच्या धाकाने बेकहॅम, कीन, व्हॅन निस्टेलरॉय यांना सामान बांधावं लागलं, त्याला घरात एका पोराने गप्प बसवलं होतं.

शेवटचा हंगाम पार्क पीएसव्हीकडे परतला. मे २०१४ मध्ये गुडघ्यांनी साफ नाही म्हटल्यावर त्याने सुवॉनमध्ये पत्रकार परिषद घेऊन निवृत्ती जाहीर केली. मग युनायटेडचा दूत झाला, ‘फिफा मास्टर’चा अभ्यासक्रम केला, कोरियातल्या जॉनबुक क्लबमध्ये पडद्यामागचं काम बघू लागला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर जगभरच्या निवृत्त दिग्गजांची एक गमतीशीर मॅच झाली. एका बाजूला सगळे बचाव करणारे, दुसऱ्या बाजूला सगळे हल्ला करणारे. हल्लेखोरांत द्रोग्बा, काका, फिगो, हझार्ड. त्यांच्या प्रशिक्षकांत थिएरी ऑन्री यांच्या जोडीला पार्क. अपेक्षा अशी, की गोलांचा पाऊस पडणार. पडला, पण उलट्या बाजूने. बचाववाल्यांनी ४-१ अशी धूळ चारली. अखेरच्या मिनिटांत ४३ वर्षांचा पार्क बेंचवरून उठला, गुडघे सांभाळत आत गेला. स्टेडियमने ‘वीसोंगपारे’ उचलून धरलं. मैदानात आला आणि पेनल्टी मिळाली, ती त्याच्याच हाती दिली गेली. जगातल्या निवडक स्ट्रायकर्सनी भरलेल्या त्या संघाचा दिवसभरातला एकमेव गोल मिडफिल्डर पार्क जी-सुंगच्या नावावर लागला.